कुंभा आणि त्याचे गोत

ऑगस्ट उलटला की पुण्यात कुंभा कुठेही दिसतो. काम अडलेल्या प्लॉटवर, मुठेच्या कालव्याच्या कडेला, नदीपात्रातल्या गाळावर, रेल्वेरुळांलगतच्या खडीत, सोसायटीच्या कंपाउंडाला टेकून. वीतभर ते हातभर उंचीचे खरखरीत रोप, चौकोनी खोड, समोरासमोर अरुंद पाने आणि खोडावर थोड्या थोड्या अंतराने बसलेले हिरवे गोंडे. एकेका गोंड्यातून एका वेळी चारदोन पांढरीशुभ्र फुले बाहेर आलेली असतात. कोणी याला तुंबा म्हणतात, कोणी बहुफूल, वैद्यमंडळी द्रोणपुष्पी म्हणतात. शेतकरी खुरपणीत उपटून बांधावर टाकतो. मावळपट्ट्यात कोवळ्या पाल्याची भाजी होते. फूल महादेवाला वाहतात. आणि गावाकडची मुले फूल अलगद ओढून त्याच्या नळीच्या बुडाशी असलेला मधाचा थेंब चोखतात.

इतक्या जणांच्या हाताखालून जाणाऱ्या या झाडाबद्दल मराठीत वाचायला मिळते ते बहुतेक औषधी उपयोगांच्या यादीपुरतेच. कुंभा दिसतो कसा, त्याची भावंडे कोण, ती एकमेकांपासून ओळखायची कशी, कोण कुठे राहते आणि का राहते, हे मात्र हौशी वाचकाला सापडत नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून ही पुस्तिका. तिचा विषय एक झाड नसून एक प्रजाती आहे. वनस्पतिशास्त्रात तिला ल्युकस म्हणतात. जगात तिच्या सुमारे 100 जाती आहेत. आफ्रिका, अरबस्तान, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया एवढा तिचा पसारा. भारतात 40 च्या आसपास जाती आहेत आणि सह्याद्रीचा तिच्यात मोठा वाटा आहे.

ल्युकस ही तुळशीच्या कुलातली. या कुलाची माणसांना सवय इतकी आहे की वेगळी ओळख करून द्यायची गरज पडू नये: तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा, पाच, गणपतीच्या पत्रीतला मरवा. चौकोनी खोड, समोरासमोर पाने, दोन ओठांचे फूल आणि चार कपालिकांत फुटणारे फळ ही या घराण्याची ठेवण. गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्याची वेस पुष्कळ रुंदावली. साग, शिवण, निर्गुडी आणि भारंगी ही पूर्वी दुसऱ्या कुलात मोडणारी झाडे आता तुळशीच्या कुलात धरली जातात. म्हणजे टेकडीवरचा वीतभर कुंभा आणि जंगलातला साग हे आज शास्त्राच्या हिशेबाने एकाच घरचे आहेत.

रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1810 मध्ये ल्युकस ही प्रजाती वेगळी काढली. त्याआधी लिनियस आणि त्याच्या नंतरचे लोक ही झाडे फ्लोमिस या प्रजातीत टाकत असत. पुढे 1830 च्या दशकात जॉर्ज बेंथमने तुळशी कुलाचा सबंध ग्रंथ सिद्ध केला. आपल्या डोंगरांतल्या ल्युकस स्टेलिगेरा, ल्युकस सिलियाटा, ल्युकस लाँगिफोलिया या जातींच्या नावांपुढे बेंथमचेच नाव लागते. त्याने ही झाडे जिवंत पाहिली नव्हती. भारतातून गेलेल्या वाळक्या नमुन्यांवरून त्याने वर्णने लिहिली, आणि ती आजही बहुतांशी टिकून आहेत.

पण या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे आणि तो पुणेकरांनाच फारसा माहीत नसतो. अलेक्झांडर गिब्सन 1838 पासून दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे काम पाहत होते. निकोल डॅल्झेल यांच्यासोबत त्यांनी 1861 मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे पहिले मोठे पुस्तक, ‘बॉम्बे फ्लोरा’, छापले. त्यानंतरचे नाव थिओडोर कुक यांचे. पेशाने ते अभियंते, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पूर्वावताराचे, प्राचार्य. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी महाराष्ट्रातले झाड ओळखताना अडले की अभ्यासक आजही कुक उघडतात. कुकच्या पानांवर प्रत्येक जातीखाली ती कुठे आणि कोणाला मिळाली हे आखूड नोंदींत दिलेले असते: पुणे, लोणावळा, महाबळेश्वर, वुड्रो, कानिटकर, भिवा. नावापुढे उद्गारचिन्ह असेल तर तो नमुना कुकनी स्वतः पाहिला, असा त्याचा अर्थ. या भिवांबद्दल ग्रंथात एका नावापलीकडे काही नाही. डोंगर चढून झाडे गोळा करणारा, ती कागदात दाबून वाळवणारा हा माणूस. त्याचे ते एकेरी नाव आणि पुढचे उद्गारचिन्ह पाहिले की माझी नजर तिथे थांबते. आपल्या वनस्पतिशास्त्राचा पाया अशा माणसांच्या पायपिटीवर उभा आहे आणि पुस्तिकेच्या आरंभी त्यांची आठवण काढणे हे मला कर्तव्य वाटते.

स्वातंत्र्याच्या सुमारास पुण्यात या विद्येच्या दोन मोठ्या जागा झाल्या. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. तीच आजची आघारकर संशोधन संस्था. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र 1955 मध्ये पुण्यात सुरू झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव मुंबईहून येऊन पुरंदरची झाडे वर्षानुवर्षे नोंदवत होते आणि 1950 च्या दशकातच त्यांचे पुरंदरवरचे पुस्तक आले. या सगळ्या धाग्यांची गाठ ल्युकसच्या एका जातीत पडते. महाबळेश्वरच्या परिसरात बिल्लोरे आणि हेमाद्री या अभ्यासकांना एक वेगळा ल्युकस आढळला. त्यांनी त्याला ल्युकस देवडीकरी असे नाव दिले, विज्ञानवर्धिनीचे संचालक डॉ. जी. बी. देवडीकर यांच्या गौरवार्थ. देवडीकर आनुवंशिकीचे अभ्यासक आणि भारतीय मधमाश्यांवरही त्यांनी मूलभूत काम केले. मधमाश्यांच्या आवडत्या प्रजातीत मधमाश्यांच्या अभ्यासकाचे नाव राहावे, हे मला फार समर्पक वाटते.

आता फुलाकडे वळू. कुंभ्याचे एक फूल चिमटीत धरून बघावे. ते जेमतेम सेंटिमीटरभर असते. दोन ओठ सरळ दिसतात. खालचा ओठ मोठा, तीन भागांचा, त्यातला मधला भाग रुंद आणि पुढे पसरलेला. वरचा ओठ आखूड, आत वळलेला आणि पाठीवर दाट पांढऱ्या केसांनी भरलेला. पावसात लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरले असावे तसा तो ओठ चार केसरदलांवर ओणवा झालेला असतो. सुईच्या टोकाने तो जरा वर उचलला की खालचे परागकोश दिसतात. चारांपैकी दोन केसरदले लांब, दोन आखूड. त्यांच्यामधून किंजलाचे दुभंगलेले टोक पुढे आलेले असते, पण त्या दोन फाट्यांपैकी वरचा इतका तोकडा की भिंगाशिवाय तो नजरेस पडत नाही. हा तोकडा फाटा ल्युकसची एक पक्की खूण आहे.

ही सगळी रचना मधमाशीच्या मापाची आहे. सातेरी किंवा फुलोरी माशी खालच्या ओठावर उतरते, मधासाठी डोके नळीत घालते आणि त्याच वेळी तिच्या डोक्या-पाठीवर वरून पराग लागतो. दुसऱ्या फुलावर गेली की तोच पराग तिथल्या किंजल्काला पुसला जातो. निळ्या पट्ट्यांच्या रानमाश्याही इथे येतात. त्या क्षणभरही एका जागी ठरत नाहीत. एका गोंड्यात कळ्या पुष्कळ असल्या तरी रोज थोडीच फुले उमलतात. त्यामुळे एकेक झाड कित्येक आठवडे माश्यांना काही ना काही देत राहते. पावसाळा सरताना, रानातला मोठा बहर ओसरल्यावर, या चिकाटीच्या फुलोऱ्याचे मोल वाढते. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. तणांच्या फुलांवर माश्या कशा जगतात, हे मधपाळांना नव्याने सांगावे लागत नाही.

मात्र ल्युकसची जात ओळखायची तर फुलाचा उपयोग फारसा होत नाही, कारण फुले जवळपास सगळ्यांची सारखीच: पांढरी, दोन ओठांची, केसाळ टोपीची. नवशिका इथेच गोंधळतो आणि ‘सगळे तुंबेच’ म्हणून वही मिटतो. खरी ओळख फुलाखालच्या हिरव्या पेल्यात, म्हणजे संवर्तात असते. फूल गळते, संवर्त राहतो. त्यावर साधारण दहा शिरा असतात, काठावर सहसा आठ ते दहा दाते असतात, आणि तो काठ कसा कापलेला आहे यावर सगळे अवलंबून असते.

रस्त्याकडेचा नेहमीचा कुंभा, ल्युकस अस्पेरा, घ्या. त्याचा संवर्त किंचित वाकडा. बुडाकडे पातळ आणि गुळगुळीत, तोंडाकडे शिरा उठलेल्या आणि खरखरीत केसांचा. तोंड तिरपे कापलेले. वरची कड पुढे आलेली, दाते बारीक, त्यांतला वरचा सर्वांत मोठा. हे तिरपे तोंड एकदा नजरेत बसले की कुंभा चालता चालता ओळखता येतो. त्याचा थोरला भाऊ ल्युकस सेफॅलोटिस, म्हणजे वैद्यांची खरी द्रोणपुष्पी. हिचा गोंडा खोडाच्या टोकाशी, चांगला लिंबाएवढा किंवा त्याहूनही मोठा, आणि त्याला खालून रुंद, टोकदार, कडेला केस असलेल्या छदांचा, म्हणजे फुलोऱ्याखालच्या पानांचा, आधार. संवर्त लांब, तोंड जवळजवळ सरळ. शेतात ज्वारी-बाजरीच्या कडेने ही भेटते. बाजारात द्रोणपुष्पी म्हणून जे वाळके पंचांग विकले जाते त्यात या दोघांची आणि आणखी एखाद्या जातीची सरमिसळ असते. औषध बनवणाऱ्यांनी निदान संवर्ताचे तोंड पाहून माल घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहराच्या टेकड्यांवर, कुसळीच्या गवतात, ल्युकस लाँगिफोलिया असते. तिची पाने लांब आणि अरुंद, गोंडे विरळ, दूर दूर बसलेले, फुले थोडी. गवतात ती इतकी मिसळून जाते की फुलाशिवाय तिच्यावरून पाय जातो. ल्युकस बायफ्लोरा जमिनीलगत पसरते. तिला गोंडा असा नसतोच, पानांच्या बगलेत जोडीजोडीने फुले येतात.

कात्रज-सिंहगडापलीकडे घाटाच्या दिशेने सरकू लागले की पाऊस वाढतो आणि ल्युकसचे रूप बदलते. ज्यांना गावकरी बुरुंबी म्हणतात त्या जाती इथून पुढच्या. ल्युकस स्टेलिगेरा सह्याद्रीची खास रहिवासी. तिच्या संवर्ताच्या तोंडाशी आतून दाट केस, आणि दहा सुईसारखे दाते. फळ धरू लागले की ते दाते चहूबाजूंना आडवे पसरतात आणि प्रत्येक संवर्त चांदणी होतो. एका गोंड्यात अशा कित्येक चांदण्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. मला या प्रजातीतली सर्वांत देखणी गोष्ट कोणती विचाराल तर मी फुलाकडे बोट दाखवणार नाही. ऑक्टोबरअखेरच्या उन्हात अर्धवट वाळलेला स्टेलिगेराचा गोंडा दाखवीन. महाबळेश्वरकडची ल्युकस सिलियाटा उंच, सगळ्या अंगावर तांबूस केस असलेली. तिचेही दाते लांब आणि पसरट. या दोघी शेजारी आल्या की जाणकारही भिंग काढतात.

वाळलेले संवर्त झाडावर बराच काळ टिकतात. आत चार गुळगुळीत, तपकिरी कपालिका असतात. वाऱ्याने किंवा गुराच्या धक्क्याने खोड हलले की त्या एकेक करून बाहेर पडतात. हिवाळाभर, अगदी होळीपर्यंत, टेकडीवर या काटक्या उभ्या असतात आणि त्या काळातही जात ओळखता येते. पुस्तिकेतल्या रेखाचित्रांत म्हणूनच फुलांपेक्षा वाळक्या संवर्तांना जागा जास्त दिली आहे.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेच्या मांडणीत पूर्णपणे सामावलेली नाही. रानोमाळ आणि उकिरड्यांवर माणसाएवढी वाढणारी, नारिंगी फुलांचे काटेरी गोळे एकावर एक धारण करणारी दीपमाळ सगळ्यांनी पाहिलेली असते. ही मूळची आफ्रिकेची, लिओनोटिस प्रजातीतली. रूपाने कुंभ्याशी तिचे नाते कोणाला सुचणार नाही. पण 2009 मध्ये शीन आणि आल्बर्ट या संशोधकांनी डीएनएच्या आधारे या गटाची वंशावळ मांडली, तेव्हा दिसले की आफ्रिकेतल्या ल्युकस जाती एकजिनसी नाहीत. दीपमाळेची प्रजाती आणि आणखी काही प्रजाती त्यांच्यातूनच फुटलेल्या आहेत. आशियातल्या ल्युकस जाती मात्र एका मुळाच्या आहेत. नीट काटेकोर राहायचे तर एक दिवस काही आफ्रिकी ल्युकसना दुसरे नाव घ्यावे लागेल. आपल्या कुंभ्याच्या नावाला त्यातून धोका दिसत नाही. दीपमाळ या पुस्तिकेत परिशिष्टात दिली आहे, ती याच नात्याने. नारिंगी फूल उघडून बघा: वरचा ओठ टोपीसारखा, केसाळ, खालचा आखडलेला. आफ्रिकेत लिओनोटिसच्या फुलांवर लांब चोचीचे पक्षी येतात. त्यांना बसायला खालचा ओठ लागत नाही, म्हणून तो आखडला असावा.

औषधी उपयोगांवर मी मुद्दाम थोडेच लिहिले आहे. सर्दी-डोकेदुखी, खरूज, कावीळ यांवर तुंब्याचा उपयोग घराघरांत सांगतात आणि निघंटूंतही द्रोणपुष्पीचे गुण आहेत. सर्पदंशावर तुंब्याचा रस देतात, हे मात्र ठामपणे खोडून काढले पाहिजे. साप चावला की प्रतिविष मिळेल त्या रुग्णालयात जायचे. पाला वाटण्यात गेलेला वेळ जीव घेतो. भाजी खुशाल करावी, पण रस्त्याच्या कडेची किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरची नको.

आता ज्या कारणासाठी हे सगळे लिहिले त्याकडे येतो. ल्युकसच्या जाती दोन स्वभावांच्या आहेत. अस्पेरासारख्या जाती माणसाच्या मागोमाग चालतात. जमीन उकरली, राडारोडा टाकला, की तिथे त्या येतात; त्यांची काळजी करायचे कारण नाही. दुसऱ्या जातींना जुनी, न हललेली जमीन लागते: काळ्या खडकावरचा वीतभर मुरूम, पावसात ओलावणारा, डिसेंबरात कोरडा ठाक पडणारा, आणि त्यावर गवत. पुण्याचा पाऊस सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत पडणारा. अशा ठिकाणी वेताळ टेकडी, पर्वती-तळजाई, बाणेर-पाषाणच्या टेकड्या या मुळात विरळ झाडीच्या गवताळ जागा आहेत. तिथे झाडे कमी दिसतात म्हणून त्यांना उजाड म्हणण्याची आपल्याला सवय लागली, आणि त्या सवयीने या टेकड्यांचे मोठे नुकसान केले.

वर्षानुवर्षे या टेकड्यांवर गिरीपुष्प लावले गेले. ते भराभर वाढले आणि हिरवे दिसले. त्याच्या दाट सावलीखाली आज जाऊन पाहावे: पाचोळ्याखाली ना कुसळी, ना सोनकी, ना लाँगिफोलिया. ज्या कडेने सावली तुटते तिथून दुसरीच एक तुळशीची नातलग आत येते, अमेरिकेहून आलेली उग्र वासाची रानतुळस, आणि ती एकदा माजली की इतरांना उगवू देत नाही. जलसंधारणासाठी यंत्राने खोदलेले चर, पावसाळ्यातल्या वृक्षारोपणाचे खड्डे, वणवे, टेकडी कापून न्यायचे रस्ते, हे सगळे याच पातळ मुरमावर येऊन पडते. तो मुरूम साठायला फार मोठा काळ लागला आहे. यंत्राच्या एका फेऱ्यात तो उलटतो आणि त्यावर प्रथम कोण उगवतो? अस्पेरा. म्हणजे नुकसान झालेल्या जागीही पांढरी फुले दिसतातच आणि सगळे ठीक आहे असे वाटते. संवर्त पाहायला शिकलेल्या माणसाला तसे वाटत नाही. जात ओळखता येणे ही अभ्यासकांची चैन नव्हे. टेकडीवर काय गेले आणि काय उरले हे त्यावाचून कळणारच नाही.

चांगली गोष्ट ही की या शहरात पाहणारे डोळे वाढले आहेत. श्रीकांत इंगळहळीकर यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ 2001 मध्ये आले आणि रंगीत छायाचित्रांवरून रानफुले ओळखण्याची गोडी कितीतरी घरांत शिरली. टेकड्यांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या नागरिकांत आज शाळकरी मुलांपासून निवृत्तांपर्यंत सगळे दिसतात. ही पुस्तिका त्यांच्या खिशात बसावी एवढ्याच आकाराची ठेवली आहे. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग हवे. ते फार महाग नसते. झाड उपटायचे नाही. खाली बसायचे, एक संवर्त भिंगाखाली धरायचा, काठ सरळ की तिरपा, दाते आखूड की पसरलेले, एवढे वहीत लिहायचे, सोबत जागा आणि तारीख. अशा नोंदी आपल्या टेकड्यांच्या फार थोड्या आहेत.

आणि एक विनंती महापालिकेला, वनखात्याला आणि जूनमध्ये फावडी घेऊन निघणाऱ्या सगळ्या वृक्षप्रेमी मंडळांना. जिथे खड्डे मारायचे ठरले आहे ती जागा आधीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात एकदा कोणा जाणकाराला सोबत घेऊन चालून पाहा. तिथे लाँगिफोलिया किंवा बुरुंबी फुललेली दिसली तर ती जागा गवताला सोडा आणि झाडे रस्त्याकडेला, शाळांत, उद्यानांत लावा. शहरात त्यांच्यासाठी जागा पुष्कळ आहे.